दोन पात्या, एक रस्ता

देवास संस्थानाच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचा उगम १७२८ साली तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून धरला जातो. १९४८च्या विलीनीकरणापर्यंत त्या एकाच गावात दोन राजे नांदले. अशा ठिकाणी दोन्ही दरबारांचा कारभार चोख असून भागत नाही. सामाईक बाबतीत कोणी आधी कळवायचे आणि दुसऱ्याने किती थांबायचे, हे ठरलेले लागते. संगणकात उभ्या केलेल्या मोटारीचेही तसेच आहे. ब्रेक, इंजिन, चाक यांची प्रारूपे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी चालतात आणि ठरावीक क्षणी एकमेकांना आकडे देतात. दोन भेटींच्या मधल्या काळात प्रत्येक जण समोरच्याच्या जुन्या आकड्यावर चालतो. खरी चूक या मधल्या काळातच शिरते. घर्षण नसलेल्या स्प्रिंगला टांगलेले वजन एकाच उंचीने झुलत राहायला हवे. पण स्प्रिंगचे बळ एका प्रारूपात आणि वजनाची हालचाल दुसऱ्यात ठेवली, बळ पुढच्या भेटीपर्यंत तसेच धरून ठेवले, की झोका हळूहळू वाढतो. दोन्ही गणिते अचूक असूनही कुठूनही न आलेली ऊर्जा उत्तरात दिसते.

मग भेटी वारंवार घडवाव्यात, असे कोणी म्हणेल. त्याने चूक घटते, पण गणनेचा वेळ वाढतो. शिवाय चाक घसरू लागण्याचा क्षण दोन भेटींच्या मध्येच येऊ शकतो. सगळे एकाच प्रारूपात ओतावे, तर सुटे भाग पुरवणारे कारखाने आपले आतले गणित उघड करत नाहीत. म्हणूनच २०१० साली एफएमआय हे प्रारूपांच्या देवाणघेवाणीचे मानक आले आणि २०२२च्या ३.० आवृत्तीत घटनांची वेळ जुळवणारी ‘क्लॉक’ आली. शेवटचा आक्षेप असा, की खरी चाचणी धावपट्टीवर होतेच. धार जिल्ह्यात पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी जून २०२१मध्ये खुली झाली. पण गाडी तिथे पोचते तोवर आराखड्याचे बरेच निर्णय होऊन गेलेले असतात. ताशी २५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दोन भेटींमधल्या एका शतांश सेकंदातही सुमारे ७० सेंटिमीटर पुढे जाते. म्हणून कोणाचे ऐकून कोणी कधी पुढे सरकायचे, हा नियम प्रारूपाचाच भाग मानला पाहिजे. तो लिहिलेला नसेल, तर सुटे भाग कितीही बरोबर असले तरी जोडलेली गाडी चुकीचीच ठरते.