भूमिगतांचे आत्मनिवेदन

घातपाती कृत्य करणाऱ्या माणसाचे निम्मे कसब न बोलण्यात असते. आपण कोठून आलो, कोणाच्या घरी भाकरी खाल्ली, उद्या कोणत्या वाटेने जाणार, हे जो सांगत नाही तोच टिकतो. पुढे कधीकाळी त्याने आपली हकीकत लिहावयास घेतली, म्हणजे ज्या सवयीने त्याचा आणि इतरांचा जीव राखला तीच सवय निवेदनाच्या आड येते. बेचाळीसच्या आंदोलनातील मराठी भूमिगतांची आत्मनिवेदने वाचताना ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ती रूक्ष आहेत, त्यांत ‘आम्ही’ फार आणि ‘मी’ थोडा, असा शेरा मारून वाङ्मयेतिहास त्यांना तळटिपेत ढकलतो. हा न्याय तपासून पाहण्याजोगा आहे.

मुळात ‘भूमिगत’ हा शब्दच पाहावा. जमिनीखालचे पाणी, जमिनीखालचे भुयार यांसाठी असलेले हे निर्जीव विशेषण १९४२ नंतर माणसाला लागू लागले, आणि पाहता पाहता नाम झाले. ‘पत्री’ या शब्दाची कथा अधिक बोलकी आहे. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी यांनी १९४३ पासून जी समांतर राज्यव्यवस्था उभारली, तिचे नाव प्रतिसरकार. गावगुंडांना, सावकारांना आणि पोलिसांच्या खबऱ्यांना तळपायांवर काठीचा मार देण्याची शिक्षा तेथे होती. शेतकऱ्याला बैलाच्या खुरांना पत्री ठोकणे परिचयाचे. तेव्हा ‘प्रति’चे ‘पत्री’ होण्यास वेळ लागला नाही. माणसांच्या पायांत खरोखर पत्रे ठोकतात, अशी कंडी पिकली आणि विरोधकांनी ती आवडीने पसरवली. चळवळीला भिववणारे नाव मिळाले ते असे. आणि ते नाव तिने नाकारले नाही. कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा या एका अपभ्रंशात त्या काळाचे ग्रामीण मन अधिक सापडते.

या लेखनाची तुलना युरोपातील व्याप्त देशांतल्या लेखनाशी करण्याचा मोह होतो, आणि ती काही अंशी उपयुक्तही आहे. नॉर्वेमध्ये व्हेमोर्क येथील जड पाण्याच्या कारखान्यावर फेब्रुवारी १९४३ मध्ये छापा घालणाऱ्या तुकडीतील क्नुट हाउकेलिड याने पुढे आपले अनुभव लिहिले. फेब्रुवारी १९४४ मध्ये तेच जड पाणी जर्मनीकडे नेणारी नौका त्याने आणि त्याच्या साथीदारांनी तळ्यात बुडवली. नौकेवर त्याचे देशबांधवही होते, त्यांतले कित्येक बुडणार हे त्याला ठाऊक होते, आणि त्यांना सावध करणे म्हणजे बेत फोडणे होते. मौनाची याहून जड किंमत कल्पनेत येणे कठीण. तरीही लिहिताना हाउकेलिडला एक आधार होता. त्याचा राजा व त्याचे सरकार लंडनमध्ये होते, त्याला शिक्षण देऊन विमानातून उतरवण्यात आले होते, आणि युद्ध संपताच तो निर्विवाद वीर ठरला.

साताऱ्याच्या भूमिगताला हा आधार नव्हता. ज्या सत्तेविरुद्ध तो लढत होता तीच जगाच्या दुसऱ्या टोकाला नाझींशी लढत होती. त्याचा देश व्याप्त होता, पण तो व्याप्त आहे हे जगातील फार थोडे लोक मान्य करीत. याहून अवघड गोष्ट घरातली होती. मे १९४४ मध्ये सुटून आल्यावर महात्मा गांधींनी गुप्ततेला आणि घातपाताला नापसंती दर्शवून भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. देशात अनेकांनी तो मानला. साताऱ्याचे लोक १९४६ पर्यंत बाहेर आले नाहीत. म्हणजे या माणसाला आपली कथा सांगताना दोन न्यायासने समोर ठेवावी लागतात, एक परक्याचे आणि एक आपल्या सर्वांत आदरणीय पुरुषाचे. त्याच्या वाक्यांना जो एक समर्थनाचा, प्रसंगी वकिली सूर येतो, तो येथून येतो.

हा सूर शब्दाशब्दाच्या निवडीत कसा उतरतो, याचे उदाहरण शेणोलीचे आहे. ७ जून १९४३ रोजी कुंडलच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम काढून घेतली. या कृत्याचे एक नेते जी. डी. बापू लाड, त्यांचे ‘एक संघर्ष यात्रा’ हे आत्मकथन मराठीत आहे. दुसरे रामचंद्र लाड, अर्थात ‘कॅप्टन भाऊ’. वार्धक्यात कॅप्टन भाऊंचा आक्षेप एकाच शब्दाला होता, ‘लूट’ या शब्दाला. इंग्रजाने येथल्या लोकांचे चोरलेले धन आपण परत आणले, असे त्यांचे म्हणणे. सत्तर वर्षे लोटली तरी माणूस एका क्रियापदासाठी भांडतो आहे. हे रूक्ष निवेदन खास नव्हे.

ही कृत्ये घडू शकली त्यास भूगोलही कारण होता. ब्रिटिश मुलखात औंध संस्थानची गावे विखुरलेली होती, आणि कुंडल त्यांपैकी एक. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिलेल्या या संस्थानात शिरताना ब्रिटिश पोलिसांची पंचाईत होई. शिवार ओलांडले की राज्य बदले. परंतु संस्थानच्या हद्दीने आसरा मिळतो, जेवण मिळत नाही. जेवण घरांनी दिले. आणि याच ठिकाणी भूमिगतांची लेखणी सर्वांत अडखळते. ज्या घराने लपवले त्याचे नाव सांगावे की सांगू नये? सांगितले तर कृतज्ञता व्यक्त होते, न सांगितले तर दिलेला शब्द पाळला जातो. या कथनांतले पुष्कळसे मौन या पेचातून आले आहे. त्याला कलेचे दारिद्र्य म्हणणे उथळपणाचे होईल.

घराने मोजलेली किंमत ज्यांनी उघडपणे लिहिली त्यांत यशवंतराव चव्हाणांच्या ‘कृष्णाकाठ’चा (१९८४) उल्लेख करावा लागेल. जून १९४२ मध्ये त्यांचा विवाह झाला, ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले, आणि विवाहानंतरच्या पहिल्याच संक्रांतीच्या सुमारास पोलिसांनी वेणूताईंना पकडून नेले. पुढे आजारी पत्नीला पाहावयास फलटणला गेले असता ते स्वतः पकडले गेले. त्या ग्रंथात रेल्वे, तारा, मोर्चे सारे आहे. पण वाचकाच्या मनात राहते ती ही नवपरिणीत मुलगी, जिने आंदोलन निवडले नव्हते. ललित वाङ्मयात हा काळ अनुभवाच्या आतून आला तो मुख्यतः व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘कोवळे दिवस’ या छोटेखानी कादंबरीत. लेखक स्वतः कोवळ्या वयात चळवळीत ओढला गेला होता. पुस्तक यावयास काही दशके जावी लागली.

ज्यांना ही दशके मिळाली नाहीत त्यांचे काय? माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने १९४२ च्या उत्तरार्धात मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडले. गिरण्या आणि लोकलगाड्या ज्या विजेवर चालत तीच तोडावयाची, ही त्यामागची अचूक दृष्टी. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात भाई आणि हिराजी पाटील मारले गेले. भाईंच्या हातचे आत्मकथन मागे राहिले नाही. अशा माणसाचा इतिहास लिहिणारा बव्हंशी सरकारी कागदांवर विसंबतो, म्हणजे त्याचे चरित्र त्याच्या शत्रूच्या भाषेत सुरू होते. ते आपल्या भाषेत आणणे हे अनुवादाचेच काम आहे, आणि साध्या अनुवादाहून नाजूक.

लेखणी हाती न घेतलेल्यांचा आणखी एक वर्ग आहे, तो स्त्रियांचा. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी आपली हकीकत तोंडी सांगितली, तीही नव्वदीत. २०२१ मध्ये त्या वारल्या. गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेत पडलेल्या सहकाऱ्याला भेटून परतताना लाकडी पेटीच्या आधाराने रात्री मांडवी ओलांडल्याचे त्या सांगत. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर १९४३ मध्ये वठवलेले नवरा-बायकोचे भांडणही त्यांच्याच तोंडून कळते. भांडण सोडवावयास पोलीस बाहेर धावले आणि मागे साथीदारांनी बंदुका पळवल्या. या प्रसंगी त्यांच्या बोलण्यात शौर्याचा आव नाही. तक्रार आहे ती इतकीच, की सोंग खरे वाटावे म्हणून सोबत्याने मारलेले फटके जरा जास्तच जोराचे होते.