नाव काय, गाव काय, परवाना काय?

मुलीसाठी स्थळ पाहताना आपण काय काय चौकशी करतो! मुलाचे शिक्षण, नोकरी, घरचे वळण, मामेकुळ. त्यांच्या गावाकडचे कोणी भेटले तर आडून आडून त्याच्याकडूनही माहिती काढतो. मंडईत गेलो तर भेंडी मोडून पाहतो, आंबा हुंगून पाहतो. पण ज्याच्या हाती घरातली वीज सोपवायची, त्याला मात्र 'किती घेणार?' आणि 'कधी उरकणार?' एवढे दोनच प्रश्न विचारून आपण मोकळे होतो.

मीही दोनच विचारले होते. तिसरा प्रश्न मलाच विचारला गेला, आणि तोही इस्पितळाच्या खिडकीवर.

हकिगत २०१६ सालची. आमची सहकारी गृहरचना संस्था पुण्यातली, जुन्या वळणाची. तीन मजले, अठरा बिऱ्हाडे. जिन्यातले वायरिंग अजून लाकडी पट्ट्यांवरचे. चिटणीसपदाची माळ त्या वर्षी माझ्या गळ्यात पडली होती. दिवाळीपूर्वी वायरिंग बदलून घ्यावे असे ठरले. एका सभासदाने सांगितले, "आमच्या साडूंच्या घरचं काम यानंच केलं, माणूस चांगला आहे." माणूस आला, त्याने कार्ड दिले. कार्डावर ठळक अक्षरांत 'सरकारमान्य विद्युत ठेकेदार' असे छापलेले. तीन दरपत्रकांत त्याचे सर्वांत कमी. त्या सभेत पाण्याच्या टाकीच्या झाकणावर पाऊण तास खडाजंगी झाली. वायरिंगचा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला.

ठेकेदार पहिल्या दिवशी दिसला तेवढाच. पुढे येई तो एक पोरगा. हसरा, चपळ, बोलायला गोड. सगळे त्याला 'छोटू' म्हणत. आमच्या घरून त्याला दुपारचा चहा जाई. तिसऱ्या दिवशी जिन्यात धपकन आवाज झाला. खालचे मेन स्विच बंद होते, पण शेजारच्या मजल्यावरून आलेल्या एका तारेत वीज खेळत होती. ती तपासून पाहायला जाणते कोणी तिथे नव्हतेच. छोटू घोड्यावरून खाली पडला होता आणि त्याच्या उजव्या हाताची बोटे काळवंडली होती.

आम्ही दोघांनी त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेले. खिडकीतल्या बाईंनी विचारले,

"पेशंटचं नाव?"

"छोटू."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "अहो, नाव विचारतेय मी. वय? पत्ता? नातेवाईक कोण? कोणाकडे कामाला?"

एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तीन दिवस ज्याला चहा पाजला त्याचे नावही मला ठाऊक नव्हते. ठेकेदाराचा फोन बंद. कार्डावरच्या पत्त्यावर आमचे एक सभासद धावत गेले, तर तिथे शिवणकामाचा वर्ग! शेवटी कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला एवढे आठवले, की पोरगा नांदेडकडचा आहे आणि त्याचा चुलता एका बांधकामावर असतो. चुलता रात्री आला तेव्हा कुठे खिडकीवरचा तो कागद पुरा झाला. वय सतरा निघाले. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटे गेली.

आठवड्याने ठेकेदार सापडला. पोलिसांनी परवाना मागताच त्याने झेरॉक्स पुढे केली. त्यावर नाव भलत्याचेच.

"मामांचं लायसन आहे, साहेब."

"मामा कुठायत?"

"वारले. दोन वर्षं झाली."

देशातली वतने केव्हाच गेली, पण हा भाचा मामाच्या परवान्याचे वतन खुशाल चालवीत होता! आणि ते आम्ही चालू दिले होते. ती झेरॉक्स मी आधी मागितली असती, तर नावातला फरक मला चष्म्यावाचूनही दिसला असता.

त्यानंतर मी कायदा वाचला. वकील व्हायला नव्हे; पुन्हा त्या खिडकीवर तसे उभे राहायला लागू नये म्हणून. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ४५ व्या नियमाने हे केव्हाच सांगून ठेवले होते. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असे किरकोळ काही बदलणे सोडले, तर ग्राहकाच्या जागेतले विजेचे काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यावे. त्यावर प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी. आणि हात लावणाऱ्या कामगाराजवळही परवाना असावा. ते नियम पुढे बदलले, २०१० आणि २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नवे विनियम आले. पण ही परवान्याची शिस्त सुटली नाही. महाराष्ट्रात हे परवाने शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते, आणि शंका आलीच तर विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात चौकशी करता येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या सभेत नंतर कोणी म्हणाले, "बाहेरगावची पोरं ठेवूच नयेत." हे मला मुळीच पटत नाही. नांदेडचा असो की बिहारचा, भारताच्या नागरिकाला देशात कोठेही जाऊन उद्योग करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे. मात्र एखाद्या व्यवसायाला लागणारी तांत्रिक पात्रता ठरवून देण्याची मुभाही त्याच कलमाने सरकारला ठेवली आहे. तेव्हा 'तू कुठला?' या प्रश्नाने वायरिंग सुरक्षित होत नाही. 'तुला हे काम येते, असे कोणी तपासून लिहून दिले आहे का?' हा खरा प्रश्न.

म्हणजे प्रश्न दोन झाले, आणि लोक त्यांचीच गल्लत करतात. ओळख वेगळी, अधिकार वेगळा. पहिला आधार क्रमांक २०१० च्या २९ सप्टेंबरला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. आज आधार कोणाच्या खिशात नाही? पण त्यावरून माणूस कोण एवढेच कळते. त्याला विजेचे काम येते की नाही, हे कळत नाही. शिवाय आधारच्या झेरॉक्सा सोसायटीच्या कपाटात कोंबून ठेवणेही बरे नव्हे. शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत मिळते, ती पुरते.

ठेकेदाराच्या पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर तोही बोलका असतो. पंधरा खुणांचा तो क्रमांक. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढच्या दहा खुणा म्हणजे त्याचा पॅन. पॅनचे चौथे अक्षर 'पी' असेल तर तो एका व्यक्तीचा, 'एफ' असेल तर भागीदारी संस्थेचा, 'सी' असेल तर कंपनीचा. आणि व्यक्तीचा असेल तर पाचवे अक्षर आडनावाचे पहिले. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला, की कायदेशीर नाव कोणते आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसते. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान ठेकेदाराला ही नोंदणी सक्तीची नाही. तेव्हा क्रमांक नसणे हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याचा छापणे हा गुन्हा. आणि आगाऊ रक्कम भलत्याच नावाच्या खात्यात मागितली, तर हात आखडता घ्यावा.

गेल्या वर्षी आमची मीटरची खोली नव्याने करायची होती. चिटणीस आता दुसरे आहेत, पण चौकशीचे काम माझ्याच गळ्यात. एक मध्यमवयीन ठेकेदार आले. कागद मागताना मला संकोच वाटत होता; गृहस्थ रागावले तर? त्यांनी पिशवीतून फाइल काढून टेबलावर ठेवली. स्वतःचा परवाना, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र, दोन तारतंत्र्यांचे परवाने, सगळे मुदतीतले.

"काका, विचारलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "परीक्षा आम्ही द्यायच्या, फी आम्ही भरायची, आणि काम घेऊन जातो तो कार्ड छापणारा. विचारणारी माणसं भेटली तरच आमच्या कागदाला किंमत."

मी निर्धास्त झालो, आणि तिथेच पुन्हा चुकणार होतो. तिसऱ्या दिवशी घोड्यावर एक नवाच पोरगा दिसला. कागद तर तपासलेले आहेत, असे म्हणत मी अर्धा जिना चढून गेलोही. मग पाय थबकले. कागद तपासले होते ते दुसऱ्यांचे! खाली येऊन विचारले, "बाळ, नाव काय तुझं?"

"पप्पू."

"ते नव्हे. घरी काय नाव ठेवलंय ते सांग."

त्याने सांगितले. परवाना नव्हता, तो हाताखालचा. ठेकेदारांना फोन केला. ते अर्ध्या तासात आले, माफी मागितली आणि त्याला घोड्यावरून उतरवून सामान देण्याच्या कामाला लावले. नेहमीचा तारतंत्री त्या दिवशी आजारी होता; काम एक दिवस लांबले. लांबू दे.

मी हे शिकलो ते एवढेच, की कागदावरचा माणूस आणि घोड्यावरचा माणूस एकच आहे ना, हे रोज डोळ्यांनी पाहावे लागते. आणि विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. आपल्या जिन्यात जो काम करतो, त्याच्या जिवाची थोडी तरी जबाबदारी आपण घेतली, असा त्याचा अर्थ.

दिवाळी आली आहे. गच्चीवर माळा लागतील, कमानी चढतील, शिडीवर कोणीतरी पोरगा असेल. वाचकहो, त्याला चहा अवश्य द्या. पण आधी नाव विचारा.

त्या नांदेडच्या पोराचा उजवा हात आता तारेच्या कामाचा राहिला नाही; तो गावी एका दुकानात असतो. आम्ही वर्गणी काढून पैसे पाठवले, ती काही दोन बोटांची भरपाई नव्हे. कामावर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि परवान्याचा क्रमांक टिपायला मी एक वही केली आहे. पहिल्या पानावर त्याचे नाव आहे. छोटू नव्हे, खरे, पूर्ण नाव.