जुनी पेट्रोल गाडी ओढत नाही? ईसीएम बदलण्याआधी या क्रमाने तपासा

बारामती : जुनी मारुती 800, झेन किंवा सँट्रो हौसेने पुन्हा उभी केली. इंजिन चालू होते, गावातल्या गावात फिरतेही. पण पाटस रस्त्यावरचा रोटी घाट आला की दम सोडते. मग सेन्सर बदला, इंजेक्टर बदला, शेवटी ईसीएम बदला, असा खर्च सुरू होतो. प्रत्यक्षात अनेकदा दोष फिल्टर, पाइप किंवा वायरिंगमध्ये असतो. त्यामुळे तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

सुरुवात कुठून?

हवा आणि स्पार्कपासून. ऊसतोडणीच्या हंगामात बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर धूळ भरपूर, त्यामुळे एअर फिल्टर लवकर चोंदतो. त्यानंतर स्पार्क प्लग काढून पाहा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट टोक म्हणजे पेट्रोल कमी, तेलकट प्लग म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलची झीज. रबरी व्हॅक्यूम पाइप 15-20 वर्षांत तडकतात. तिथून जादा हवा शिरली की आयडलिंग डळमळते.

पेट्रोल पुरेसे पोहोचते का?

सपाट रस्त्यावर ठीक आणि चढावर ढिली, हे पेट्रोल कमी पडण्याचे लक्षण असू शकते. आधी फ्युएल फिल्टर बदला, मग गेज लावून दाब मोजा. अनेक जुन्या एमपीएफआय गाड्यांत तो साधारण 2.5 ते 3 बार असतो; नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. प्रेशर रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम पाइपमध्ये पेट्रोल दिसले तर आतला पडदा फाटलेला आहे. लाइनमध्ये दाब असतो. त्यामुळे हे काम उघड्यावर, आगीपासून लांब आणि जाणकाराकडूनच करून घ्या.

दोष इथेनॉलचा आहे का?

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात हा प्रश्न हमखास निघतो. निती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-10 साठी ट्यून केलेल्या चारचाकींचे मायलेज ई-20 वर 6 ते 7 टक्के घटते. म्हणजे गाडी चढच चढत नसेल, तर सगळे खापर इथेनॉलवर फोडता येत नाही.

मात्र इथेनॉल जुना दोष उघडा पाडते. 1 किलो साध्या पेट्रोलला जळायला 14.7 किलो हवा लागते, ई-20 ला सुमारे 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावे लागते. ऑक्सिजन सेन्सर शाबूत असेल तर ईसीएम हा फरक सांभाळून घेतो. सेन्सर मेला असेल तर मिश्रण पातळ होते आणि गाडी धक्के देते.

गाडी अनेक महिने उभी असेल तर टाकीतले थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून ठेवा. दोन थर दिसले तर पाणी शिरले आहे. टाकी रिकामी करून साफ करावी लागेल. जुने रबरी फ्युएल पाइपही त्याच वेळी बदलावेत.

सेन्सरची पाळी कधी?

वरचे सगळे ठीक असेल तेव्हा. तेही बदलण्याआधी मल्टीमीटरने मोजा.

- बॅटरी आणि अर्थ : इंजिन चालू असताना साधारण 14 व्होल्ट हवेत. गंजलेली अर्थ वायर चांगल्या सेन्सरचेही रीडिंग चुकवते.
- थ्रॉटल सेन्सर : ॲक्सिलरेटर हळूहळू दाबल्यावर व्होल्टेज न अडखळता वाढले पाहिजे.
- कूलंट टेम्परेचर सेन्सर : याची वायर तुटली तर ईसीएम इंजिन थंड समजतो आणि जादा पेट्रोल सोडतो. त्यातून काळा धूर येतो.
- ऑक्सिजन सेन्सर : इंजिन गरम झाल्यावर 0.1 ते 0.9 व्होल्टदरम्यान सतत वरखाली व्हायला हवा.

इंजिन कधी उघडायचे?

कॉम्प्रेशन टेस्टनंतरच. एखाद्या सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा बराच कमी असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट पाहावे लागेल. सगळ्यांचा दाब सारखाच कमी असेल तर टायमिंग बेल्टचा दात सरकला आहे का, हे आधी बघा. गाडी फक्त जास्त आरपीएमला गुदमरत असेल तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदल्याची शक्यता असते.

एका वेळी एकच पार्ट बदला आणि त्याच चढावर गाडी चालवून पाहा. नोंदणीची 15 वर्षे भरत आली असतील, तर आरटीओच्या तपासणीआधीच हे उरकून घ्या. मिश्रण बिघडलेली गाडी पीयूसीतच अडकू शकते.