स्नायूंतील गाठी व त्यांच्या वेदना

दिवसभर फळ्यावर लिहिल्याने व सायंकाळी मान खाली घालून वह्या तपासल्याने मान व खांदे अवघडतात, हा शिक्षकवर्गाच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे. अशा वेळी ‘शिरेवर शीर चढली’ असे म्हणण्याची आपल्याकडे रूढी आहे. वस्तुतः शिरा एकमेकींवर चढत नाहीत. चाचपताना बोटास लागणारी टणक, दुखरी गाठ ही स्नायूतील असते; आणि दोरीच्या गाठीप्रमाणे तेथे काही गुंतलेलेही नसते.

स्नायू असंख्य सूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो. तंतू आखडले म्हणजे स्नायू काम करतो व सैल झाले म्हणजे त्यास विसावा मिळतो. एकाच स्थितीत दीर्घ काळ राहिल्यास काही तंतू आखडलेलेच राहतात व ताणलेल्या तारेसारखा एक पट्टा हातास लागतो. गाठ नेमकी कशी बनते याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. प्रचलित उपपत्ती अशी की, तेथील रक्तपुरवठा मंदावतो, प्राणवायू अपुरा पडतो आणि साचलेली द्रव्ये मज्जातंतूंस डिवचतात. मग वेदनेच्या भयाने आपण तो भाग अधिकच आवळून धरतो.

या गाठींचा विशेष हा की, वेदना पुष्कळदा गाठीपासून दूर जाणवते. अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल व डॉ. डेव्हिड सायमन्स यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोणत्या स्नायूची वेदना कोठे उमटते याचे नकाशेच दिले आहेत. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या स्नायूतील गाठीची वेदना मानेच्या बाजूने कानामागून कानशिलापर्यंत पोहोचू शकते. म्हणून कपाळास बाम चोळूनही दुखणे राहिले, तर खांदाही चाचपून पाहावा.

ही गोष्ट वर्गातही ध्यानी ठेवण्याजोगी आहे. जमिनीवर वही ठेवून वाकून लिहिणारे किंवा एकाच खांद्यावर दप्तर अडकवणारे मूल डोके दुखते म्हणाले, तर ती सबब समजून त्यास गप्प बसवू नये. त्याची बैठक पाहावी. नजर तपासून घ्यावी. सकाळी काही खाल्ले का, हेही विचारावे. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे, असे 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात सांगितले आहे. म्हणजे 20 किलो वजनाच्या मुलास 2 किलोच पुरे. दर तासिकेनंतर मुलांना उभे करून खांदे फिरवण्यास लावावे व शिक्षकांनीही त्यांच्यासमवेत तसेच करावे.

उपाय साधे आहेत. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकावे, गाठीवर बोटाने सोसेल इतकाच दाब अर्धा मिनिट द्यावा आणि स्नायू सावकाश ताणावा. जोराने रगडणे किंवा मानेस हिसका देऊन ती ‘मोडून’ घेणे सर्वस्वी टाळावे.

मात्र हाताला मुंग्या वा अशक्तपणा येणे, ज्वरासह मान ताठणे, गाठ वाढत जाणे किंवा काही आठवड्यांत आराम न पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दुखून ती कळ हातात वा जबड्यात जात असेल, तर तीस गाठ न समजता तत्काळ रुग्णालय गाठावे.