तांब्या-पितळेची भांडी : लखलखाट आणि आरोग्य

इचलकरंजी हे मागांचे गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला. यंत्राचा भाग गंजू नये म्हणून तो वेळच्या वेळी पुसून त्यास तेल द्यावे, हे येथे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु परिसरातील शेतकऱ्यांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हंडे, घागरी, घंगाळे व पितळी पातेली यांची निगाही तितक्याच शिस्तीने राखली पाहिजे. येथे प्रश्न केवळ शोभेचा नसून आरोग्याचा आहे.

तांबे हवेत राहिले की त्यावर प्रथम तपकिरी, मग काळसर थर चढतो. ओल व आंबट पदार्थ यांचा संसर्ग झाला की हिरवट जंगाल धरते. हे जंगाल विषारी आहे. ताक, दही, चिंचेची आमटी किंवा लोणचे कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवल्यास ते कळकते, म्हणजे त्यात तांबे उतरते. असे अन्न पोटात गेल्यास मळमळ, उलट्या व पोटात कळा सुरू होतात. लहान मुलांस त्याचा त्रास अधिक होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे २ मिलिग्रॅम इतकीच तांब्याची मर्यादा सांगितली आहे. म्हणून तांब्याच्या भांड्यात साधे पाणी ठेवावे. लिंबूपाणी वा ताक कदापि ठेवू नये.

घासण्याची रीत सोपी आहे. लिंबाएवढी चिंच थोड्या पाण्यात कोळून तीत चमचाभर मीठ घालावे व त्या कोळाने भांडे चोळावे. चिंचेतील आम्ल काळा थर विरघळविते व मीठ त्या कामास मदत करते. पाच मिनिटांत तांबडा रंग उजळतो. मात्र कोळ भांड्यावर वाळू देऊ नये. भरपूर पाण्याने धुऊन भांडे लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. आम्ल राहिल्यास तेथेच पुन्हा जंगाल धरते. समई व निरांजनांच्या नक्षीत अडकलेले तेल आधी कढत पाण्याने व साबणाने काढावे, नंतर चिंच लावावी. विटेची भुकटी किंवा वाळू वापरू नये. चरे पडतात आणि त्यांत मळ साचतो. तेजाबाचा प्रयोग घरी मुळीच करू नये.

कल्हईच्या भांड्यांस चिंच अथवा राख लावून खरवडू नये. कल्हई म्हणजे नवसागराच्या साह्याने चढविलेला कथलाचा पातळ थर. आतून पिवळा किंवा तांबडा धातू दिसू लागला, की पुन्हा कल्हई करून घ्यावी. कथील शुद्ध आहे, त्यात शिसे मिसळलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

जवळच्या हुपरीचे चांदीकाम प्रसिद्ध आहे. पैंजण वा वाटी काळी पडल्यास ॲल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात कढत पाणी घेऊन लिटरमागे एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालावा. चांदी पातेल्याच्या तळास टेकेल अशी ठेवावी. चांदीवरील गंधक ॲल्युमिनियमकडे जाते व चांदी न झिजता उजळते. खडे अथवा लाख असलेले दागिने मात्र यात बुडवू नयेत.

शेवटी शेतकरी बंधूंना एक सूचना. मोरचूद कालविलेले भांडे, मग ते कितीही घासलेले असो, स्वयंपाकघरात आणू नये. मोरचुदाचे द्रावण लोखंडी बादलीतही करू नये. लोखंड खाल्ले जाऊन त्यावर तांबे बसते आणि औषधाचा गुण कमी होतो. त्यासाठी मातीचे, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे भांडे निराळे राखावे. फवारणी झाल्यावर पंप व त्याची पितळी तोटी स्वच्छ पाण्याने धुवावी.

वाडवडिलांची भांडी टिकाऊ आहेत. योग्य निगा राखल्यास ती पुढील पिढीच्याही उपयोगी पडतील. भगिनींनी सण येण्याची वाट न पाहता आजच फडताळातील भांडी काढून आतून नीट तपासावीत.