गुडघाभर पाण्यातला रेडफिश
टेक्सासच्या किनाऱ्यालगतची लगुना माद्रे ही लांबट खारी खाडी. सरासरी खोली जेमतेम मीटरभर. शरदात पाणी थंडावू लागतं आणि रेडफिश (आपल्या घोळीच्याच कुळातला) उथळ समुद्रगवतात खेकडे-कोळंबी हुडकत फिरतो. तोंड तळाशी असल्यानं त्याची शेपटी पाण्याबाहेर डोलते. शेपटीजवळचा काळा ठिपका ही त्याची खूण. गळ अंगावर पडला की मासा पळालाच. तो जिकडे निघालाय, त्याच्या थोडा पुढे गळ टाकावा. उत्तरेचा गार वारा सुटला, की उथळावरचं पाणी ओसरतं आणि मासे खोल चराच्या कडेला सरकतात. नियमानुसार २० ते २८ इंचांचा मासा ठेवता येतो. त्याहून मोठा ठेवायला वेगळा टॅग लागतो. टेक्सासच्या पाण्यात पकडलेला रेडफिश विकायला मात्र १९८१ पासून बंदी आहे.