जाळी का जळते?

पुणे–नाशिक रस्त्याच्या मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यातल्या गॅरेजांत पिकअप आणि ट्रॅक्टरच्या जोडीला अलीकडे टर्बो पेट्रोल इंजिनाच्या वेगवान मोटारीही दिसू लागल्या आहेत. काही इथल्याच बागायतदारांच्या घरच्या, काही माळशेज किंवा भीमाशंकरला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या तरुणांच्या. या गाड्यांबद्दल एक तक्रार मी गेली काही वर्षे ऐकतो आणि टिपून ठेवतो : ‘जाळी गेली.’ जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मेकॅनिकांच्या भाषेत कॅटकॉन. गाडीचे बहुतेक आयुष्य सोबत काढावे असा हा भाग काही गाड्यांत दोन-चार वर्षांतच निकामी होतो. नवी जाळी अनेकदा लाखाच्या घरात जाते आणि ती बसवूनही पुन्हा जळते, तेव्हा मालक कंपनीला, पेट्रोलला आणि नशिबाला दोष देतो. पाटाचे पाणी गढूळ आले, तर दोष शेवटच्या वाफ्याचा नसतो. जाळीचेही तसेच आहे. ती आपण होऊन क्वचितच मरते. बहुतेक वेळा वरच्या अंगाला काहीतरी बिघडलेले असते.

यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने १९५०च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी असे उपकरण तयार केले. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे आणि शिसे हे जाळीचे विष. म्हणून शिसेविरहित पेट्रोल येईपर्यंत, म्हणजे १९७५ पर्यंत, त्याचा सर्रास वापर होऊ शकला नाही. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना जाळी सक्तीची झाली आणि २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ची मानके लागू झाली आणि जाळीवरचा भार आणखी वाढला.

पत्र्याच्या डब्यात चिनी मातीसारख्या पदार्थाची ठोकळी असते. तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या हजारो बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खडबडीत लेप आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण. सगळे मिळून वजन काही ग्रॅम. या कणांच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजनमध्ये होते. हे काम साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसला सुरू होते आणि ४०० ते ८०० अंशांत उत्तम चालते. तापमान हजाराकडे गेले की कण एकमेकांना चिकटतात. गुळाची भुकटी ऊब लागून गोळा व्हावी तसे. वजन तेवढेच राहते, पण पृष्ठभाग घटतो आणि काम मंदावते. सुमारे चौदाशे अंशांपाशी ठोकळीच वितळून नळ्या बुजतात. मग धुराला वाट उरत नाही आणि गाडी चढाला दम टाकते.

वेगवान गाड्यांतच हे जास्त का? एक तर टर्बोच्या इंजिनात जाळी टर्बोला अगदी लागून असते, आणि पूर्ण जोरावर धूर नऊशे अंशांच्या वर जाऊ शकतो. म्हणून कंपनी जोराच्या वेळी थोडे जास्त पेट्रोल सोडून धूर थंड ठेवते. इंजिनाच्या संगणकातला नकाशा बदलून ताकद वाढवताना हा हिशेब बिघडला, तर पहिला बळी जाळीचा. दुसरे, पाय उचलल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजावेत म्हणून केलेला बदल. त्यात पेट्रोल इंजिनाबाहेर जाळले जाते. फटाका जाळीच्या तोंडाशी किंवा पोटात फुटतो.

तिसरे कारण साध्या गाड्यांनाही लागू आहे : मिसफायर. एका सिलिंडरची ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल आणि हवा दोन्ही जाळीत शिरतात आणि तिथे पेटतात. प्लग किंवा कॉइल किरकोळ किमतीची असते, पण तशीच गाडी दामटून माळशेजचा चढ चढला, तर जाळी एका फेरीत जाऊ शकते. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर त्याचा अर्थ हाच : जोर काढून घ्या, बाजूला थांबा. बॅटरी उतरलेली पेट्रोल गाडी बराच वेळ ढकलत चालू करण्यानेही कच्चे पेट्रोल जाळीत जाते.

चौथे विष. टर्बोचे सील गळले किंवा रिंगा झिजल्या की ऑइल जळते आणि त्यातले फॉस्फरस, जस्त जाळीवर थर धरतात. हेड गॅस्केट फुटून कूलंट जळणे, जोडांना चुकीचे सिलिकोन फासणे, याचाही परिणाम तोच. पाचवा धक्का. पावसाळ्यात तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात घातली की ठोकळीला तडे जातात. उंच गतिरोधकाला डबा घासला तरी आतली ठोकळी सुटते आणि खडखडते.

‘पी ०४२०’ हा कोड दिसला की अनेक ठिकाणी लगेच जाळी बदलतात. कोड एवढेच सांगतो की जाळीचे काम कमी पडते आहे; कारण तो सांगत नाही. आधी धुराची गळती, मागचा सेन्सर, प्लग, कॉइल, इंजेक्टर, ऑइलचा खप आणि कूलंटची पातळी तपासावी. कारण न काढता बसवलेली जाळी जुनीच्याच वाटेने जाते.

दुसरा सोपा रस्ता म्हणजे जाळी ठोकून काढणे आणि सेन्सरला फसवणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या रचनेत असा बदल करता येत नाही. पीयूसी तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत, त्यामुळे फसवलेल्या गाडीचा हा दोष कागदावर उमटतही नाही. तो उमटतो नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, वाहनांच्या गर्दीत पहाटेपासून उभ्या असलेल्या हमालांच्या आणि शेतकऱ्यांच्या छातीत. ताकद एकाची, धूर सगळ्यांचा.

उसाच्या हंगामासाठी आणखी एक सूचना. घाटातून खेचून आणलेली गाडी लगेच पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नये. खालच्या तापलेल्या डब्याने गवत पेटते.

जळालेली जाळी फेकण्यापूर्वी उघडून पाहावी. चेहरा वितळलेला असेल, तर उष्णता. पांढरट-राखाडी थर असेल, तर ऑइल किंवा कूलंट. भेगा असतील, तर धक्का. इंजिनाचा सगळा इतिहास तिच्यावर लिहिलेला असतो. तो वाचला, तर पुढची जाळी वाचते.